फिका बर्फ

भावकू बेळगुंदीचा. वीस वर्षं त्यानं जत्रांत आणि लग्नांत पॉट आइस्क्रीम फिरवलं. लाकडी पिंपात बर्फ, बर्फावर जाडं मीठ, मधोमध दुधाचा डबा. कपातलं आइस्क्रीम गल्लोगल्ली मिळू लागलं तसं पिंप माळ्यावर गेलं आणि भावकू बेळगावच्या एका इस्पितळात गाडी चालवू लागला. बोटांची समज मात्र राहिली. बर्फ हातात धरून तो किती टिकेल हे तो सांगायचा, आणि बहुधा तेवढाच टिकायचा.

फेब्रुवारीत निपाणीहून एक किडनी आणायची होती. अपघातात मेंदू मृत झालेल्या एका माणसाची. त्याच्या बायकोनं सही दिली होती. इकडे खासबागेतल्या सुनंदा टीचर तीन वर्षं डायलिसिसवर होत्या. त्यांना ऑपरेशनसाठी बोलावून घेतलं होतं. किडनी औषधी द्रावात, द्राव पिशव्यांत, पिशव्या बरणीत आणि बरणी बर्फाच्या पेटीत. गाडी भावकूकडे, शेजारी अदिती. अवयवांची ने-आण तिच्याकडे.

वंटमुरीच्या घाटात उसाची ट्रॉली उलटली होती. ऊन टिपेला आलेलं. पुढचं पोलिसांचं वाहनही अडकलं. अदिती उतरून पोलिसांकडे धावली.

भावकूनं पेटीचं झाकण उचललं. बर्फाला पाणी सुटलं होतं. रस्त्याकडेच्या रसवंतीतून त्यानं बर्फ आणला. आणि मीठही. बरणीभोवती बर्फ ठासला, वर मुठीमुठीनं मीठ पेरलं. विचार असा केलाच नाही. हातांनी केलं.

अदिती परतली. पेटीवरचा तापमानाचा आकडा शून्याखाली घसरत होता.

"अण्णा, काय घातलंत यात?"

"मीठ. आता बघा कसं गारठतंय."

"गारठवायचं नाही हो! गार ठेवायचं! गोठली तर मेली ती!"

लग्नात कुणीतरी हौसेनं डब्यात टाकायला लावलेली द्राक्षं भावकूला आठवली. रात्रभर दगड, सकाळी सुटली तेव्हा नुसती सालं आणि पाणी. त्यानं बरणी उचलून छातीशी धरली.

"ओता! सगळं ओता, बाई!"

अदितीनं पेटी रस्त्यावर पालथी केली, बाटलीच्या पाण्यानं दोनदा खंगाळली. रसवंतीतून पुन्हा नवा बर्फ, थोडं पाणी, मग बरणी. आकडा शून्यावर आला, वर सरकला, थांबला.

"पाणी सुटलेला बर्फच बरोबर असतो, अण्णा. तो शून्याच्या खाली जात नाही."

"किती मिनिटं गेली आसतील?"

"चार. पाच."

वाट मोकळी झाली. इस्पितळाच्या दारात अदिती म्हणाली, "डॉक्टरांना मी सांगते. पेटी माझ्या ताब्यात होती."

"मीठ मी टाकलं. मीच सांगणार."

डॉक्टर राघवेंद्रांनी ऐकून घेतलं. भावकूकडे पाहिलं, रागानं की थकव्यानं कळलं नाही. "बघतो," म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं निरोप आला, किडनी मऊ आहे, गोठलेली नाही, बसवतोय. पण बसवलेली चालेल का, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

भावकू पायरीवर बसून राहिला. तळहातांवर मीठ सुकून पांढरं झालं होतं. ते त्यानं धुतलं नाही. निपाणीतल्या त्या बाईचा चेहरा त्यानं पाहिला नव्हता, तरी सारखा तोच समोर येत होता. तिनं सही करून दिलेलं ते, आणि आपण त्याला आइस्क्रीम समजलो.

संध्याकाळी अदिती बाहेर आली. "लघवी सुरू झाली. ऑपरेशनच्या टेबलावरच."

"लई?"

"थेंब थेंब. पण झाली."

भावकूनं उठून नळाखाली हात धरले आणि बराच वेळ धुतले.

आता पेटी तोच भरतो. भरण्याआधी बर्फाचा एक तुकडा जिभेवर ठेवतो. अदिती हसते. फिका लागल्याशिवाय तो गाडीची किल्ली उचलत नाही.