लीलाताईंचे शनिवार

लीलाताई सुरवाडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते अनवाणी. नव्वदचे दशक नुकते लागले होते आणि जळगावच्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात, संगणक विभागात, मी नोकरीला लागलो होतो. त्या काळी संगणकाच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून देवळासारख्या चपला दाराबाहेर काढाव्या लागत. मी बूट काढायला वाकलो, तोच आतून एक बाई आल्या. हातात प्रिंटरची रिबन, बोटे शाईने काळी. मराठीत अहिराणी मिसळून म्हणाल्या, "या भाऊ. मोजे राहू द्या पायात, आत गारठा शे." मे महिना होता, बाहेर जळगाव भाजून निघत होते आणि या बाई गारठ्याची काळजी करत होत्या. मी त्यांना रिबन बदलायला आलेली कर्मचारी समजलो. विभागप्रमुख त्याच, हे चहा येईपर्यंत मला कळले नाही.

त्या खोलीत वातानुकूलन यंत्र होते, त्यामुळे उन्हाळाभर बँकेतल्या प्रत्येकाला संगणकाबद्दल अचानक जिज्ञासा वाटू लागे. ताई सगळ्यांना बसू देत. फक्त कुणी डबा उघडला की हाकलत, कारण भरिताचा वास यंत्रांना नसला तरी कामाला बाधतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आमचे काम काय होते, ते आजच्या वाचकाला सांगायला हवे. बँकेच्या शाखा मुक्ताईनगरपासून साक्रीपर्यंत पसरलेल्या. प्रत्येक शाखेत एक-दोन संगणक, एक खडखडणारा प्रिंटर आणि लहरी वीज. काही बिघडले की शाखेतून फोन यायचा. जो फोन उचलेल तो चिठ्ठी लिहायचा, ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा, आणि कोणता दुरुस्तीवाला आधी कुठे पाठवायचा हे ताई ठरवायच्या. ताई जागेवर नसल्या की चिठ्ठ्या खिळ्यावरच राहत आणि शाखांमधून आरडाओरडा सुरू होई. थोडक्यात, सगळ्या विभागाचा रस्ता ताईंच्या टेबलावरून जात होता.

आणि ताईंचा रस्ता धुळ्याला जात होता. पती लवकर गेले. नोकरी जळगावात, म्हणून लहानग्या सुजाताला ताईंनी धुळ्याला आपल्या आईजवळ ठेवले होते. शनिवारी बँक अर्धा दिवस. दुपारची गाडी मिळाली तर एरंडोल, पारोळा करत ताई सायंकाळच्या आत घरी पोहोचल्या असत्या. पण शनिवारी सगळ्या शाखा आठवड्याचे हिशेब छापायला बसत, आणि प्रिंटर नेमके तेव्हाच मान टाकत. दुरुस्तीवाल्यांना, मला, सगळ्यांना ताई वेळेत घरी पाठवत. "तुमची पोरं वाट बघत असतील," असे म्हणत आणि स्वतः फोनपाशी बसत. शेवटच्या गाडीने त्या धुळ्याला पोहोचेपर्यंत सुजाता झोपलेली असे. रविवारी सकाळी तिने डोळे उघडले की आई शेजारी असायची, किंवा नसायची. ताईंनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त दुपारची गाडी सुटायची वेळ झाली की त्या घड्याळाकडे पाठ करून बसत. ते बघवत नसे.

एके दिवशी जेवणाच्या सुटीत त्यांनी मला विचारले, "भाऊ, मी जे डोक्यात ठरवते ते यंत्राला का शिकवता येऊ नये?" तेव्हापासून आम्ही दोघे शिकायला बसलो. शिकवणारे कुणी नव्हते. तक्रारींची नोंद, वाटप आणि पाठपुरावा यंत्राने कसा करावा, याबद्दलचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ताईंनी कुठूनसे मागवले होते. मला इंग्रजीची धास्ती. ताईंना अजिबात नव्हती. अडलेला शब्द त्या सरळ मोठ्याने वाचत, मग म्हणत, "राहू दे त्याला तिथेच, पुढे गेलो की कळेल." आणि बहुतेक वेळा कळे. पहिल्यांदा आमचा प्रोग्रॅम चालला आणि जळगावला भरलेली तक्रार टेलिफोनच्या तारेवरून, तिकडचे दुरुस्तीवाले बसत त्या धुळे कार्यालयातल्या प्रिंटरवर आपोआप छापली गेली, तेव्हा ताईंनी टाळी वाजवली आणि लगेच इकडेतिकडे बघून हात पदराखाली घेतले.

पण खरी परीक्षा पुढे होती. पुस्तकात लिहिले होते की, तक्रार करणाऱ्याने स्वतःच तिची निकड सांगावी: अतिशय तातडीची असेल तर पहिला क्रमांक, मग दुसरा, तिसरा. आम्ही तसेच केले. ताईंनी धुळ्याला कळवूनही टाकले, की या शनिवारी मी दुपारच्या गाडीने येते. सुजाताच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि ती नाचणार होती.

त्या शनिवारी सगळ्या शाखांनी झाडून पहिला क्रमांक सांगितला. कुणाची रिबन पुसट झाली होती, कुणाचा पंखा आवाज करत होता, तरी पहिला क्रमांक. यंत्र बिचारे काय करणार? ज्याचा फोन आधी, त्याच्याकडे दुरुस्तीवाला. रिबनसाठी माणूस चाळीसगावला गेला आणि जिथे खरोखर काम ठप्प होते, तिथे कुणीच पोहोचले नाही. ताईंनी एरंडोल शाखेच्या रघुनाथनानांना फोन लावला. वयाने मोठे, मानाचे गृहस्थ.

"नाना, तुमचं मशीन चालू आहे ना? मग पहिला क्रमांक कसा?"

नाना दुखावल्या आवाजात म्हणाले, "ताई, दुसरा नंबर आम्ही काबरं सांगसूत? आमनी शाखा कोनपेक्षा कमी शे का?"

झाले! आम्ही निकड विचारली होती आणि आमच्या लोकांनी इभ्रत सांगितली होती. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या रांगेत बसवल्यावर रुसून जाणारी आमची माणसे. ती स्वतःच्या हाताने दुसरा क्रमांक घेतील, असे त्या पुस्तकवाल्याला वाटले असेल, आम्हाला कसे वाटले कुणास ठाऊक. ताईंनी प्रोग्रॅम बंद केला आणि एकेक शाखा स्वतः हाताळत बसल्या. दुपारची गाडी गेली. सुजाता नाचली ते त्यांनी पाहिले नाही. सोमवारी त्या आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते.

दुसरा कुणी असता तर शाखांवर चिडला असता. मी तर चिडलोच होतो. ताई म्हणाल्या, "चुकलं आपलं. माणसाला त्याची घाई विचारली की तो घाईच सांगणार. आपण त्याच्यासमोर कोण उभं आहे, ते विचारू." मग त्यांनी निकडीचा रकानाच काढून टाकला. त्या जागी साधे प्रश्न घातले. काउंटरपुढे लोक खोळंबलेत का? हाताने लिहून काम निभते का? आज गावचा बाजार आहे का? बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला तर त्याचा दिवस फुकट जातो, हे त्या पुस्तकात नव्हते. ताईंच्या प्रोग्रॅममध्ये होते. क्रमांक यंत्र आपल्या मनाशी ठरवी आणि कुणाला सांगत नसे. त्यामुळे कुणाचा मान जाईना, आणि नानांसकट सगळे सरळ उत्तरे देऊ लागले.

याच सुमारास वरिष्ठांनी फर्मावले की यंत्रातून संथ दुरुस्तीवाल्यांची नावे छापून द्या. ताई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, उशीर का झाला ते यंत्र सांगेल. चुगली मात्र करणार नाही. साक्रीची गाडी चुकली तर माणूस काय पळत जाईल?" साहेबांचा चेहरा पडला. ती नावे कधी छापली गेली नाहीत. ताईंचा आवाज त्या दिवशीही चढला नव्हता, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

मग तो शनिवार आला. ताई पिशवी घेऊन उठल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, कशालाही हात लावू नका. शिकवलंय ना त्याला, करू द्या." त्या गेल्या आणि मी त्या गार खोलीत घाम पुसत बसलो. साक्रीहून फोन आला. बाजाराचा दिवस, लोक खोळंबलेले. मी उत्तरे भरली. पडदा क्षणभर थांबला, मग पुढे सरकला. थोड्या वेळाने धुळ्याहून दुरुस्तीवाल्याचा फोन आला: "चिठ्ठी मिळाली, निघतोय." बस्स, एवढेच. मला करायला काहीही उरले नव्हते. ताईंना हे ओरडून सांगावेसे वाटत होते, पण त्यांची गाडी तोवर एरंडोलच्या पुढे गेली असेल.

सोमवारी ताईंनी सांगितले. सांगताना आधी हसत होत्या. "लेक ओट्यावर खेळत होती. मला पाहिलं आणि पळत आत गेली. मला वाटलं, आनंदानं गेली. आत जाऊन माझ्या मायला म्हणते, आजी, आईले काय झायं? ती उजेडमा कशी उनी? उजेडात आलेली आई तिनं कधी पाहिलीच नव्हती." एवढे बोलून त्या प्रिंटरकडे वळल्या आणि चांगली रिबन काढून पुन्हा बसवत राहिल्या.

त्यानंतर ताईंचे पुष्कळ शनिवार उजेडाचे झाले. मी पुढे पुण्याला गेलो. जा म्हणून ताईंनीच मागे लागून पाठवले. आज माझ्या कार्यालयात तक्रारी आपोआप येतात, आपोआप वाटल्या जातात, आपोआप बंद होतात. दिवसभरात कुणी कुणाला ताई म्हणत नाही, नाना म्हणत नाही. मला ती खोली हवी आहे. दाराबाहेरच्या चपलांचा तो ढीग हवा आहे, आणि अडलेला इंग्रजी शब्द खणखणीत वाचणारा तो आवाज. मिळणार नाही हे कळते, पण म्हणून काही ओढ कमी होत नाही.

ताई आता धुळ्यात, आईच्याच घरी राहतात. सुजाता एका मोठ्या कंपनीत आहे, दूर, आणि काम तेच करते: बंद पडलेली यंत्रे, येणाऱ्या तक्रारी. मध्यंतरी मी ताईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सुजाता येणार होती, काम निघालं. तिच्याकडचा प्रोग्रॅम आपल्यापेक्षा फार पुढचा आहे म्हणे. तरी तिचा शनिवार काही मोकळा होत नाही." आणि हसल्या. ते हसणे माझ्या चांगले ओळखीचे आहे.

अमृतमहोत्सवाच्या या प्रसंगी आम्हा सर्व सहकाऱ्यांच्या वतीने ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य चिंतितो. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, डोळे वाचते राहोत, आणि शंभरीच्या समारंभालाही आमची चूक दाखवायला त्या पुढे बसलेल्या असोत. संपादक मंडळाला मात्र एक विनंती आहे. या गौरवग्रंथाची पहिली प्रत व्यासपीठावर कुणा पाहुण्याच्या हाती देऊ नये. ती सुजाताला द्यावी. आणि तिने ती घेऊन एखाद्या शनिवारी धुळ्याला जावे, उजेड असताना.