माळवदावरून उतरलेला तट

बोरकोटच्या बागेत हिरवळीवर पाय पडला की सुलाबाईची पाण्याची नळी आणि जीभ एकदमच सुटते. "वाट कशाला केली मग? हवेत चालायला?" सरपंच व्यंकटरावसुद्धा त्यातून सुटलेले नाहीत. बाग आहे गावाच्या जुन्या मातीच्या तटावर. वर फिरायची वाट, कडेला कडुनिंब, बुरुजांवर बाकडी. सुलाबाई तिथली माळीण, आणि तिच्या मते मालकीणही.

गंमत म्हणजे हा तट एका बाजूनं तिनंच खणून उतरवलेला.

तेव्हा गावात सगळी माळवदाची घरं. लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकावा लागे, कारण पांढरीतून पाणी झिरपत नाही. तशी माती फक्त तटात. सुलाबाई लग्न होऊन आली ती थेट त्याच कामाला लागली. माती खणायची, पाटी डोक्यावर घ्यायची, शिडी चढायची. चाळीस उन्हाळ्यांत तिनं आणि तिच्यासारख्यांनी पूर्वेच्या बाजूला तीस पावलांचं खिंडार पाडलं. त्याच्या पलीकडेच बौद्ध वस्ती, तिथंच तिचं घर. पण खिंडारात खड्डे, बाभळी आणि अख्ख्या गावाचं सांडपाणी. गावात शिरायचं तर लांबचा वळसा घालून वेशीतूनच.

बाग मंजूर झाली तेव्हा नकाशात पूर्वेला एक गेट होतं, अगदी वस्तीच्या तोंडाशी. सुलाबाईला वाचता येत नाही. तरी तिनं नकाशावरच्या त्या खुणेवर तीनदा बोट ठेवून खात्री करून घेतली आणि वस्तीत घरोघर सांगून आली.

खिंडार बुजवायला गुत्तेदारानं शेतातली काळी माती आणली. सुलाबाई इंजिनिअरला म्हणाली, "साहेब, काळीत पेरत्यात, पांढरीत ऱ्हात्यात. ही फुगंल, मग फाटंल."

"मावशी, माती ती माती," साहेब हसले.

पावसाळ्यात ती माती भिजवलेल्या डाळीसारखी फुगली. दिवाळीपर्यंत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, वाट खचली, नवं बाकडं खाली कोलमडलं. साहेबांनी खिंडाराच्या अलीकडे तारेचं कुंपण घालायला सांगितलं. बाग इथंच संपणार. गेट रद्द.

"एवढी पांढरी माती आता आणू कुठून, मावशी?" ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

सुलाबाई घरी जाऊन ढसाढसा रडली. तटावरची माती उपसायला आपण चालतो, आणि वाट आली की नेमकी आपल्या दारात संपते, याचा तिला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी त्याच रागात वळसा घालून येताना तिला रस्त्याकडेला पाडलेल्या माळवदाचा ढीग दिसला. स्लॅब टाकायला लोक जुनी छतं पाडत होते आणि माती कुठं टाकावी म्हणून हैराण होते. काखेत कळसा नि गावाला वळसा! ती तशीच पळत साहेबांकडे गेली. "पांढरी गावातच हाय. लोकाच्या डोक्यावर हाय!"

पण सगळ्यांत मोठं माळवद चांगुणाबाईंचं. म्हातारी ऐंशीला टेकलेली, पोरं दोन वर्षं स्लॅबसाठी मागं लागलेली, आणि ती छताला हात लावू देत नव्हती. सुलाबाई तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"चांगुणामाय, तुमचं माळवद मागायला आले."

"का गं?"

"आमच्याकडं गेट व्हायलंय. माती कमी पडायलीय."

म्हातारीनं वर माळवदाकडं पाहिलं. "पोराला न्हाई म्हणले मी. पर तुला कसं म्हणू, सुले? पाटी न् पाटी तूच चढवली."

चांगुणाबाईंचं छत उतरलं आणि मग गावात चढाओढच लागली. साहेबांनी खिंडारातली काळी माती काढून टाकली आणि पांढरीचे ट्रॅक्टरवर ट्रॅक्टर आले. वस्तीतल्या आणि गावातल्या बाया धुमस घेऊन थरावर थर ठोकत होत्या, पाणी मारत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांची यथेच्छ टिंगल करत होत्या. सुलाबाईचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता.

"एक पावसाळा निघू द्या, मग गेट," साहेब म्हणाले. पावसाळा निघाला. केसाएवढीही भेग पडली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेट बसलं. साहेबांनी सगळ्यांसमोर कान पकडले, आणि सुलाबाईनं उदार मनानं फक्त दोनच टोमणे मारले.

भाषणं संपली, गर्दी पांगली. सुलाबाई नव्या गेटातून वीस पावलांत घरी पोचली तर मागून काठीचा आवाज. चांगुणाबाई! वेशीपासून सगळी वाट चालून, गेटातून उतरून, जन्मात पहिल्यांदा वस्तीत आल्या होत्या.

"सुले, चहा टाक."

सुलाबाईनं चुलीवर आधण ठेवलं. चांगुणाबाईंच्या घरी तिचा कप कायम गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा, ते दोघींनाही माहीत होतं. तिनं फडताळातले दोन सारखे कप काढले, एक म्हातारीला दिला, एक स्वतः घेतला आणि बाजेवर तिच्या शेजारी बसली.

चांगुणाबाईंनी चहा संपवला, पदरानं ओठ पुसले आणि कप पुढं केला.

"आनखी अर्धा दे."