मालकांच्या पानातला पेला

बाटलीचं बूच निघालं की वहिनी तळहातावर एकच थेंब घ्यायच्या. अत्तर चोळावं तसे दोन्ही हात एकमेकांवर चोळायच्या, ओंजळ करून त्यात नाक खुपसायच्या आणि डोळे मिटायच्या. आम्ही वाट बघत बसायचो. मग ओंजळीतूनच आवाज यायचा, "न्हाय. ह्ये न्हवं."

आम्ही म्हणजे मी आणि अत्तरवाले चाचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं दुकान होतं. पुढे अत्तराच्या कुप्या आणि मागच्या फळीवर बोटीवरच्या भाच्याने आणलेला फॉरेनचा माल. चाचा दारूला शिवत नसत. बाटल्या टॉवेलात गुंडाळून, तोंड दुसरीकडे करून वहिनींच्या घरी आणत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, कुणी नाव विचारलं तरी आईच्या मागे सरकणारी. लेबलावरचं इंग्रजी वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. व्हिस्की निवडायला बसलेली अशी तीन माणसं तुम्हीही कुठे पाहिली नसतील.

"वाच की गं पोरी. मका लिवलाय का?"

"लिहिलाय."

"आन् पिंप?"

"नवं लाकूड. आतून जाळलेलं."

"मग बूच काढा चाचा. आमच्या मालकास्नी बरबनच लागती. दुसरी न्हाय चालत."

"वैनी, अस्सल हाय. भाचा कसम खाऊन सांगतोय."

"पोरगा काय बी सांगल. हुंगल्याबिगर काय कळतंय?"

मालक म्हणजे वहिनींचे यजमान. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, वडील म्हणायचे म्हणून मीही म्हणे. ही बाटली लागायची पितृपंधरवड्यात. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे म्हाळाच्या दिवशी गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं पानात वाढायचं, दार ओढून घ्यायचं आणि घरातल्यांनी बाहेर बसायचं. आत बसून जेवणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून. मालकांच्या पानात वडे असत, अळूची भाजी असे, तांबडा रस्सा असे आणि शेजारी काचेच्या पेल्यात बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की. पेल्यात व्हिस्की जिथवर भरली असेल, बरोबर तिथे बाहेरून एक लाल दोरा बांधलेला, किती कमी झाली ते कळावं म्हणून.

वहिनी पायरीवर बसायच्या आणि मधूनच बंद दाराकडे तोंड करून म्हणायच्या, "सावकाश घ्या." मला घाम फुटायचा. तरी मी उठून जात नसे.

दार उघडल्यावर वहिनी आधी दोरा बघायच्या. व्हिस्की दोऱ्याशीच असायची.

"घेतलं न्हाय की," त्या म्हणायच्या. "आवडलं न्हाय."

पानातलं टाकायचं नाही, म्हणून तो पेला त्याच संपवत. पहिल्या वर्षी म्हणे औषधासारखा नाक दाबून. मी पाहिलं तेव्हा त्यांना बसण्याची तऱ्हा सापडली होती. पदर सावरून, भिंतीला टेकून, बोटाने पाण्याचा एक थेंब आत सोडायचा, पेला हातात फिरवायचा आणि घोट जिभेवर धरून ठेवायचा. "गेल्या सालची घशाला लागत हुती. हिचा शेवट गोड हाय बघ," असं म्हणताना त्या हसत. तेवढ्यापुरत्या तरण्या दिसत.

एकदा मी भीत भीत विचारलं, "एवढी चांगली आहे, मग मालक का घेत नाहीत?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "कंपनीनं तेंस्नी अमेरिकेला धाडलं हुतं, इंजिनाचं काम शिकाया. येताना एक बाटली आणली. मी म्हटलं, इंजिन शिकाया गेलं आन् दारू शिकून आलं! मोरीत ओतली सगळी. बाटली फोडली. तेनी एक शबुद बोललं न्हाईत. मोरीपाशी जाऊन नुसतं हुबं ऱ्हायलं. वास घेत." जरा थांबून म्हणाल्या, "त्याच थंडीत गेलं. कारखान्यात, काम करता करता."

बाटलीवरचं नाव वहिनींना वाचता आलं नव्हतं. चवही त्यांनी घेतली नव्हती. ओळख होती ती मोरीतून दिवसेंदिवस येत राहिलेल्या वासाची. गुऱ्हाळावर काकवी उतू जाऊन चुलवाणातल्या जळत्या लाकडावर पडावी, तसा. तीच व्हिस्की शोधून मालकांपुढे ठेवायची, एवढंच त्यांना करायचं होतं.

मी कॉलेजात असताना एका वर्षी चाचांनी एक बुटकी, चौकोनी बाटली आणली. वहिनींनी थेंब घेतला, हात चोळले, ओंजळीत नाक घातलं. आणि बाहेरच काढेनात. चाचा माझ्याकडे बघू लागले. 

"न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्ये न्हवं. पर असू दे हितंच."

म्हाळाला त्यांनी दुसरीच बाटली उघडली. पायरीवर बसल्यावर मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"चाचास्नी सांगू नगो," त्या हळूच म्हणाल्या. "तीच हाय ती. ती ठेवली तर मालक पितील की गं. पोटभर पितील. मग फुडल्या साली कशाला येतील?"

 आत पान वाढलेलं होतं आणि वहिनी दाराकडे तोंड करून नेहमीसारखं म्हणाल्या, "सावकाश घ्या."

त्यानंतरही दर वर्षी चाचा बाटल्या आणत, मी लेबलं वाची आणि वहिनी "ह्ये न्हवं" म्हणत. चौकोनी बाटली कपाटात, मालकांच्या कोटामागे उभी असे.

वहिनी गेल्या त्यानंतरच्या म्हाळाला त्यांचा भाचा गडहिंग्लजहून आला. घर रिकामं करण्याआधी एवढं उरकायचं होतं. मला म्हणाला, "ताई, आत्तीला काय आवडायचं? तुमालाच ठावं असंल."

मी कपाट उघडून कोटामागे हात घालून चौकोनी बाटली काढली. त्याने एक पेला घेतला. मी म्हटलं, "दोन." दोन्ही पेल्यांना मीच दोरा बांधला. ओतताना खोलीत काकवी जळल्याचा वास पसरला.

आम्ही दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसलो. चाचाही आले, टोपी सारखी करून बाजूला बसले.  थोड्या वेळाने भाचा घड्याळ बघून उठला आणि त्याने कडीला हात घातला. बंद दाराच्या फटीतून तो वास आता बाहेर पायरीपर्यंत येत होता.

"थांबा जरा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "त्यांचं अजून झालं नसेल."