भुऱ्याची ऐच्छिक सुई

मनीराम रहांगडाले यांनी आयुष्यात स्वतःच्या इच्छेनं फारसं काही केलं नव्हतं. शेती वडिलांची, लग्न मामांनी जुळवलेलं, आणि भुऱ्या नावाचा कुत्रा एका पावसात ओसरीवर येऊन बसला तो उठलाच नाही. म्हणून गोरेगावच्या जनावरांच्या डॉक्टर नीतू म्हणाल्या, "काका, पिसाळण्याची सुई द्यावीच लागते, ती दिली. उंदरांच्या मुतातून होणाऱ्या तापाची मात्र ऐच्छिक आहे," तेव्हा ते दचकले.

"कोणाची इच्छा?"

"तुमचीच."

मनीरामांनी भुऱ्याकडे पाहिलं. त्यानं जांभई दिली.

"विचार करतो," म्हणून ते घरी आले आणि त्या दिवसापासून एका जागी बसले नाहीत. मागच्या साली सुया टोचल्यावर भुऱ्याचं तोंड असं सुजलं होतं की डोळे शोधावे लागले. इकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, तो धुऱ्याच्या मातीतली उंदरांची बिळं उकरी आणि तिथलंच पाणी पिई. एका बांधीतून हाकलला की शांतपणे दुसरीत जाई.

"काऊन घिरट्या घालून राहिले?" त्यांच्या बायको रामबाई म्हणाल्या. "कुत्र्यापेक्षा तुमालेच सुई पायजे."

"तोंड सुजलं तं?"

"सुजलं तं तिथं डाक्टरीण हाय. बांधीतून ताप आला तं तिथं कोन हाय? आन् तो ताप माणसालेबी होते म्हणे. दिवसभर तुमचेच हात चाटते तो."

मनीरामांनी हात धुतले. मग पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी ते भुऱ्याला घेऊन दवाखान्यात हजर झाले.

"सुई घेऊनही ताप येईल का?"

"येऊ शकतो, काका. या तापाच्या जंतूंच्या सगळ्या जातींवर ती चालत नाही. पण धोका बराच कमी होतो. मागच्या वेळी सगळ्या सुया एकदम दिल्या होत्या, आज ही एकटीच देते. सूज आली तर औषध तयार आहे. अर्धा तास इथंच बसा."

सुई टोचली. मनीराम बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. भुऱ्याचा डावा गाल त्यांना उजव्यापेक्षा मोठा वाटला. दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं तर उजवा मोठा वाटला. भुऱ्यानं दोन्ही गाल त्यांच्या चपलेवर ठेवले आणि तो झोपला.

अर्ध्या तासानं डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला. "काही नाही. आता घरी जा. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, झालं."

"घरी जाणं ऐच्छिक आहे ना?"

"आहे की."

मनीराम पुन्हा बाकावर बसले.