न केलेल्या चुकीची क्षमा

"मी या मुलीला क्षमा केली आहे," आमचे कंत्राटदार साहेब माईकवरून म्हणाले. माझी मुलगी मार्था तेव्हा बायकांच्या बाजूला, खांबाजवळ बसली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी. सगळं चर्च वळून तिच्याकडे बघायला लागलं.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, भर दुपारची उपासना. त्या दिवशी आमच्याकडे प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा. प्रभू खिळलेला असताना खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तो. हा उद्गार कायम साहेबांच्या घराण्याकडे. आमच्या वस्तीतल्या कुणाला बोलावलंच, तर तहानेचा उद्गार मिळायचा. वर "थोडक्यात आवरा" हेही.

साहेबांनी सांगितलं, एका मुलीच्या निष्काळजीपणामुळे खराडीचं मोठं काम हातून जाता जाता राहिलं. तरी मनात काही ठेवलं नाही. प्रभूने क्षमा केली, तिथे आपण कोण. मंडळी म्हणाली, "आमेन."

मार्था उभी राहिली. "मी काय केलंय?" एवढंच म्हणाली.

मी उठून तिच्याजवळ गेलो. खांदा दाबून तिला खाली बसवलं. "बस. उपासना चालू आहे." मग मीही आमेन म्हणालो. मोठ्याने, साहेबांना ऐकू जाईल असं.

खरं काय झालं होतं, ते आता लिहितो.

पुण्यात खराडीला आयटीच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा साहेबांनी साफसफाईचं कंत्राट घेतलं. माणसं मंडळीतलीच घेतली. आम्हाला तो मोठेपणा वाटला. माझे आजोबा गावकुसाबाहेरचे. वधस्तंभाखाली सगळे सारखे, हे ऐकून ते ख्रिस्ती झाले. साहेबांचे आजोबा बामणातून ख्रिस्ती झालेले. दोघांचा प्रभू एकच. पण साहेबांच्या बंगल्यावर गेलो की मी पायरीवर बसायचो, कुणी बस म्हणायच्या आधीच. मला त्यांनी सुपरवायझर केलं. मार्थाला कामावर लावलं ते मीच.

संडास धुण्याचं अ‍ॅसिड मोठ्या कॅनमध्ये यायचं. जहाल. ते पाण्यात मिसळून बाटल्यांत भरायचं काम बायकांचं. त्यासाठीचे चष्मे आणि हातमोजे कपाटात, कुलूप लावून. कंपनीचे लोक तपासायला आले की वाटायचे, गेले की गोळा करायचे. "वापरून खराब होतात," साहेब म्हणायचे. किल्ली माझ्या खिशात असायची.

त्या सकाळी मार्था म्हणाली, "पप्पा, चष्मा द्या ना. या कॅनमधून फार उडतंय."

"साहेबांना विचारून देतो," मी म्हणालो. विचारलं नाही. कॅन तिच्या हातून निसटला.

पोलिसांना मी जबाब दिला. चष्मा दिला होता, तिने घातला नाही. साहेबांनी सांगितलं होतं तसाच, शब्दाला शब्द. बापच म्हणतोय म्हटल्यावर पुढे कोण विचारणार? डोळा तिचा गेला. चूकही तिच्याच नावावर चढली.

त्या शुक्रवारनंतर मार्था चर्चमध्ये आली नाही. मी जात राहिलो. प्रभुभोजन घेत राहिलो. माझं पाप प्रभूने रक्त देऊन फेडलं, असं स्वतःला सांगत राहिलो. फार सोपं जातं ते. जिचा डोळा गेला, तिला मधे घ्यावंच लागत नाही.

साहेब आता थकलेत, म्हणून आमच्या वस्तीलाही उद्गार मिळतात. यंदा नव्या पाळकांनी मला दुसरा दिला. चोराचा. शेजारी टांगलेल्या चोराला प्रभू सुखलोक देतो, हे आम्ही दर वर्षी सांगतो. त्याआधी चोर काय बोलतो, तिकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तो सगळ्यांदेखत कबूल करतो, आपण गुन्हे केलेत, आपली शिक्षा बरोबर आहे. आणि प्रभूबद्दल म्हणतो, या माणसाने काहीच केलेलं नाही. निर्दोषाला निर्दोष म्हणतो, मग स्वतःसाठी मागतो. मी नेमकं उलटं केलं होतं.

पाळकांना सांगितलं, मी हे सगळं बोलणार. ते तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "काका, साहेबांचं वय बघा. वधस्तंभापाशी मिटलंय ते."

"माझं मिटलं असेल. तिचं कुठे मिटलंय?"

"मग उद्गार दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"द्या. मी खालून बोलेन."

साहेबांकडून बोलावणं आलं. गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मार्थाकडे मात्र गेलो. ती मांजरी गावात राहते, शिवणकाम करते. मशीन न थांबवता तिने ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हाला झोप लागत नाही वाटतं," म्हणाली. "बोला की. मला ऐकायला बोलावू नका." चहा दिला. दाराशी म्हणाली, "पप्पा, मी क्षमा करीन या आशेवर असाल, तर राहू द्या."

त्या आशेवर मी नाही. मंडळीकडेही क्षमा मागणार नाही. मागितली की लोक उभ्या उभ्या देऊन टाकतात आणि घरी जातात. कुलूप कुणाच्या हुकमाने होतं, किल्ली कुणाकडे होती, जबाब कुणी पढवला आणि कुणी दिला, एवढंच सांगेन. ते मला खाली बसवतील. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणतील. मार्था पुन्हा दार उघडेल का, माहीत नाही.

चर्चमधून मी पोलीस चौकीत जाणार आहे. माझा जबाब खोटा होता, हे सांगणार आहे. ते लिहून घेत नाहीत तोवर तिथून हलणार नाही.