जाळीवर थांबलेलं पाणी

आमच्या गंगाखेडात पितृपंधरवडा लागला की घरोघर दसरा काढतात. म्हणजे घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, अगदी माळ्यावरच्या वाकळांसकट. ओलं काही घरात पसरलेलं असताना घट कसे मांडायचे? एरवी गोदावरीच्या घाटावर धुवायचं आणि काठावरच वाळत घालायचं. यंदा मात्र नदी पायऱ्या चढून वर आली होती आणि उन्हाचा तर पत्ताच नव्हता.

म्हणून अख्ख्या गल्लीची नजर समोरच्या सुलाबाईंच्या पत्र्याच्या खोलीकडे लागली.

सुलाबाईंची लाँड्री. एक लॉज बंद पडला, तिथला जुना ड्रायर त्यांनी उन्हाळ्यात उचलून आणला. कपडे पिळून काढणारा ड्रायर आमच्या सगळ्यांच्याच मशीनला असतो, हा निराळा. आतलं पिंप फिरत राहतं, गरम हवा खेळते आणि कपडा कोरडा होऊनच बाहेर येतो. तो टेम्पोतून उतरला तेव्हा ओट्यावर बसलेल्या चांगुणाबाई, म्हणजे आमच्या गल्लीच्या आत्याबाई, म्हणाल्या होत्या, "का गं सुले, आता ऊन इकायलीस का?"

"इकते की. तुमाला पावशेर बांधू का?"

आत्याबाई हसल्या, पण स्वतःचं एक धडपं त्यांनी त्या खोलीत जाऊ दिलं नाही.

पंधरवड्याच्या सुरुवातीलाच सुलाबाईंनी दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "घट बसायच्या आदल्या सांजेपर्यंत ज्याचं त्याचं कोरडं करून देते. ओलं निघालं तर पुन्हा हा धंदा करणार न्हाई." त्यांचे यजमान बन्सीधरभाऊ आत कपाळाला हात लावून बसले. ही बाई बोलली की बोलली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

पहिले काही दिवस झकास गेले. गोधड्या मऊ होऊन, घमघमत घरी यायच्या. तो वास सॉफ्टनरचा. आमच्याकडे त्याला वासाचं पाणी म्हणतात. बायका गठुडं टाकतानाच म्हणायच्या, "जरा जास्त घाल गं माय!" आणि सुलाबाईंचा हात वाढताना कधी आखडला नाही, तो इथं तरी कसा आखडेल? एका टोपणाच्या जागी दोन, कधी तीन. सलूनवाला सूर्यभान तेवढा कुरकुरला, "मावशी, टॉवेल लय मऊ झालेत, पण तोंड पुसावं तर पाणीच शोषंनात." ते कुणी मनावर घेतलं नाही.

मग गोधड्या वाळेनाशा झाल्या. कच्च्या भाकरीसारख्या, वरून गरम आणि आत ओल्या. खोलीत ढीग वाढत चालला. परभणीच्या मेकॅनिकनं फोनवर विचारलं, "जाळी साफ करता ना?"

"दर खेपेला!"

खोटं नव्हतं. गरम हवा जिच्यातून बाहेर पडते ती ड्रायरच्या दाराजवळची जाळी ओढून तिच्यावर बसलेली कापसासारखी लव त्या प्रत्येक वेळी बोटांनी गुंडाळून काढायच्या. मी स्वतः पाहिलंय.

"मग हीटर गेला असंल. दसरा झाला की येतो."

बन्सीधरभाऊ म्हणाले, "ज्याचं त्याला देऊन टाक. लोकं समजून घेतील."

"लोकं घेतील वो समजून. मी कशी घेऊ?"

घट दोन दिवसांवर आले होते. मी माझी दुलई वाळली का बघायला गेले, तर सुलाबाई मोरीत बसून ती जाळी नळाखाली धरत होत्या. काहीच सुचेना म्हणून धुवायला घेतली असावी. एकाएकी त्यांचा हात थांबला.

"वहिनी, इकडं या. जाळीतून मला तुमी दिसायलात, अन् पाणी काही खाली जाईना."

खरंच. लव एक कण नव्हती, उजेड आरपार दिसत होता आणि पाणी अळूच्या पानावर थांबावं तसं जाळीवर डुलत उभं. सुलाबाईंनी बोट फिरवलं. बुळबुळीत लागलं. बोट नाकाशी नेलं आणि त्या मागं भिंतीला टेकल्या.

"हे तर माझंच वासाचं पाणी!"

गोधड्यांतून निघून त्याचा न दिसणारा पापुद्रा जाळीवर चढला होता. हवेला वाट कुठून मिळणार? मग सूर्यभानचे टॉवेलही आठवले. तोच पापुद्रा टॉवेलवर. त्यांनी पाणी गरम केलं, भांड्याचा साबण घेतला आणि जुन्या टूथब्रशनं जाळी घासली, दोन्ही अंगांनी, कडेकोपऱ्यांतून. पुन्हा नळाखाली धरली. पाणी सरकन खाली. जाळी पुसून, वाळवून बसवली आणि पहिली खेप काढली. माझी दुलई निघाली ती पापडासारखी कोरडी.

दुसरी एखादी गप्प राहिली असती. वीज गेली, हीटर बिघडला, सांगायला काय कमी असतं? सुलाबाई मात्र दारात आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐका गं! मशीनला काही झालं न्हवतं. मीच वास लय घातला, जाळी तुंबली. आता वास कमी येईल, अन् टॉवेलला तर न्हाईच घालणार. पण कोरडं मिळंल." मी ओट्यावरून ऐकत होते. ही माझी शेजारीण, असं सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं मला.

घटाच्या आदल्या दिवशी दिवे लागायच्या आत गल्लीतली सगळी गठुडी घरोघर पोचली होती. बन्सीधरभाऊ शेवटची हातगाडी रिकामी करून आले, तर दारात चांगुणाबाई उभ्या. मागं त्यांचा नातू, त्याच्या डोक्यावर भिजकं गठुडं.

"आत्याबाई, तुमी?" सुलाबाई म्हणाल्या.

"ते ऱ्हाऊ दे. आधी जाळीवर पाणी ओतून दाखव. मी अशी तशी वाकळ द्यायची न्हाई."

सुलाबाईंनी जाळी काढली आणि वरून तांब्या ओतला. पाणी आरपार गेलं, थेट आत्याबाईंच्या पायांवर.

"अगं अगं, लुगडं!" आत्याबाई मागं सरल्या, ओल्या पायांकडे बघितलं आणि नातवाला म्हणाल्या, "ठेव रं आत."