पिशवी कुणासाठी ठेवायची

"मिस्टर नाहीत ना आता? मग पिशवी ठेवायची तरी कुणासाठी?"

डॉक्टरीणबाई हे माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. सोनोग्राफीच्या कागदाकडे बघून म्हणाल्या. खोलीतच बाकावर पुढच्या तीन पेशंट बसल्या होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. एक हसली. मी तपासणीच्या टेबलावरून नुकतीच उतरले होते. टेबलावरची चादर भिजली होती. दवाखान्यातल्या मावशींनी ती दोन बोटांत उचलली. "चादर घालवली की ओ ताई."

मी सॉरी म्हणाले. माझ्याच रक्ताबद्दल.

मग बाईंनी खुर्ची दाराशी उभ्या असलेल्या माझ्या दिरांकडे वळवली. "भाऊ, इथं सही करा. गुरुवारी उपाशीपोटी घेऊन या ह्यांना. काढून टाकू. कटकट मिटली."

दिरांनी सही केली. माणूस वाईट नाही. भाऊ गेल्यापासून माझ्या घराचं हवं-नको तेच बघतात. स्कूटर काढताना म्हणाले, "वहिनी, लई विचार नका करू. सगळ्याच बायका काढत्यात की."

मी मागं बसले. गप्प. गप्प राहणं मला चांगलं जमतं. चोवीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली आहेत.

हे गेले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्यांच्या आजारपणातच माझी पाळी बिघडली. आधी दहा दिवस, मग पंधरा. गुठळ्या पडायच्या. वय एकोणपन्नास. पाळी जायचंच वय, म्हणून मनावर घेतलं नाही. त्यांच्या उशाशी बसायचं होतं. ते गेल्यावर लोक म्हणाले, बाई दुःखानं पांढरी पडली. दुःख होतंच. पण हिमोग्लोबिनही सातवर आलं होतं. शाळेत मी फक्त गडद साड्या नेसायची आणि जिन्यात दोनदा थांबायची.

त्यांच्या वेळी दवाखान्यातल्या सगळ्या सह्या मी केल्या. भूल द्यायची, नळी घालायची, आयसीयूत न्यायचं. दर वेळी ते डोळे न उघडता म्हणायचे, "आधी वाचून दाखव." मी वाचायची. ते मान हलवायचे. मग सही. तेव्हा बाईची सही चालत होती. नवऱ्याच्या अंगासाठी चालली. स्वतःच्या अंगासाठी मात्र ती कुणी मागितलीसुद्धा नाही.

हे त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी फक्त लाज वाटली.

संध्याकाळी आईकडे गेले. ती भवानी पेठेत माझ्या भावाकडे असते. बहात्तरची आहे. कमरेत वाकलेली, मनगट दोनदा मोडलेलं. जन्मभर कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवल्या. तिचीही पिशवी काढलेली, चौतिसाव्या वर्षी. मी अकरा वर्षांची होते. आठवतं, ऑपरेशननंतर ऐन थंडीत ती ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर पडायची. अंगातून वाफा निघत्यात म्हणायची. घरातले म्हणायचे, नखरे.

"आई, तुला काय सांगितलं होतं गं डॉक्टरांनी?"

"मला कोन सांगतंय? तुझ्या बापाला सांगितलं. त्यानं अंगठा दिला."

"नुसती पिशवीच काढली का?"

ती टॉवेलची घडी घालत होती. हात थांबले.

"काय काय काढलं, मला कुटं ठाव?"

अडतीस वर्षं ही बाई त्या अंगात राहते आहे. आतून काय नेलं ते तिला माहीत नाही.

घरी येऊन फाइल उघडली. दिरांनी सही केलेल्या फॉर्मची प्रत तीत होती. इंग्रजीत. मी वाचला. मोठ्यानं. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं. तिसऱ्या ओळीवर थांबले. गर्भाशय. आणि दोन्ही अंडाशयं.

अंडाशयांबद्दल त्या खोलीत एक शब्द निघाला नव्हता. सोनोग्राफीत ती ठीक असल्याचं लिहिलं होतं. खाली कारणासाठी रकाना होता. रिकामा.

आमच्याकडे वाळवी लागलेलं पुस्तक बाद करायचं तरी तिघांच्या सह्या लागतात. कारण लिहिलेलं नसेल तर मी पुस्तक कपाटात परत ठेवते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. सरकारी दवाखान्यात अडीच तास रांगेत उभी राहिले. आत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागं चित्र काढलं. तीन गाठी, पिशवीच्या भिंतीत. आतली पोकळी मोकळी. अशा गाठी सहसा कॅन्सरच्या नसतात, म्हणाले, पण ह्या वयात एवढं रक्त जातंय तर आधी आतल्या अस्तराचा तुकडा तपासायचा. लोह लगेच सुरू. मग गोळ्या आहेत, आत बसवायचं हार्मोनचं साधन आहे. मोठ्या शहरात गाठींचा रक्तपुरवठा बंद करतात. नुसत्या गाठी काढता येतात. पिशवी काढणं हाही उपाय आहे, आणि काहींना तोच बरा पडतो. पाळी गेली की गाठी बहुधा आक्रसतात, पण ती कधी जाईल ते सांगता येत नाही.

"आणि अंडाशयं?"

"चांगली असतील तर उगाच काढत नाहीत. काढली तर पाळी एका दिवसात जाते. वाफा, हाडं, सगळंच मागं लागतं."

मला ओला पंचा दिसला.

"सही कुणाची लागते?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची. दुसऱ्या कुणाची?"

गुरुवारी मी शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि एकटी गेले. तीच खोली. बाकावर नव्या बायका.

"उपाशी आहात ना?"

"नाही. जेवून आले."

"अहो, ऑपरेशन आहे तुमचं!"

"अंडाशयं का काढणार होता, मॅडम?"

"ह्या वयात काढतोच आम्ही. पुढं कॅन्सरची भीती नको. तुमच्या दिरांनी सही केलीय."

"पोट दिरांचं नाही."

बाई हसल्या. "लायब्ररीत असता ना? चार पुस्तकं वाचून कुणी डॉक्टर होत नाही."

"नाही होत. पण फॉर्म वाचता येतो."

मी त्यांच्या टेबलावरचा फॉर्म ओढला. दिरांच्या सहीवर रेघ मारली. खाली लिहिलं, मला विचारलेलं नाही. सही केली. तारीख घातली. अक्षर सुबक आलं.

"रक्त थांबलं नाही की इथंच याल."

"लागलं तर ऑपरेशन करून घेईन. कुठं, ते मी ठरवीन. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, पिशवी कुणासाठी ठेवायची. उत्तर राहिलं होतं. मिस्टर नाहीत. मी आहे."

दाराशी पोचले तर बाकावरच्या एका बाईनं माझा हात धरला. तिची फाइल पुढं केली. "ताई, माजं काय लिवलंय बघता का?" मी तिथंच, बाईंच्या देखत, वाचून दाखवलं.

दीर आठवडाभर आले नाहीत. मग आले. "मी वाचलंच नव्हतं वहिनी."

"माहीत आहे. पुन्हा न वाचता सही करू नका, भाऊजी. माझ्यासाठी तर वाचूनही नको."

अस्तराचा तुकडा चांगला निघाला. लोह सलाइनमधून घेतलं. साधन बसवून चार महिने झाले. रक्त कमी झालं आहे, थांबलेलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं. कदाचित पिशवी जाईल. गेली तर मी रडणार नाही. अंडाशयं राहतील. फॉर्म मी वाचीन, मोठ्यानं, ऐकणारं कुणी असो नसो.

आईचे कागद शोधायला गेले होते. त्या दवाखान्याच्या जागी साड्यांचं दुकान आहे. तिच्या अंगातून काय नेलं त्याची नोंद जगात कुठंही नाही.

माझी राहील. माझ्या अक्षरात. कारणासकट.